खत घालणे आणि सुपीकता राखणे: कर्जत-खालापूरच्या भातजमिनींचा आढावा

पाताळगंगेच्या काठचे मोहोपाडा आज रसायनीच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. पण औद्योगिक वसाहतीची हद्द ओलांडली की अजूनही भाताची खाचरे लागतात, त्यांच्या वर वरकस माळ आणि त्याच्याही वर डोंगराची झाडी. खालापूर आणि कर्जत हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके शतकानुशतके याच तीन पायऱ्यांवर शेती करत आले आहेत. या जमिनींच्या सुपीकतेचा प्रश्न निघाला की चर्चा लगेच खताच्या गोणींवर येते: युरिया किती, सुफला किती, शेणखत मिळते की नाही. एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. ज्या मुलखात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे सुपीकता ठरते ती घातलेल्या अन्नद्रव्यातले जमिनीत किती उरते यावर. शंभर-सव्वाशे वर्षांतले प्रयोग, शिफारशी आणि शेतकऱ्यांचा व्यवहार या कसोटीवर तपासला, तर काय टिकवायचे आणि काय सोडायचे याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळते.

सुरुवात जमिनीपासून करू. इथला मूळ खडक दख्खनचा काळा बेसॉल्ट. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांनी तो झिजत गेला. माथेरानसारख्या माथ्यावर तांबडी जांभ्याची माती तयार झाली, उतारांवर उथळ वरकस जमीन राहिली आणि खालच्या सखल भागात वाहून आलेली बारीक माती साठून भाताच्या गरव्या जमिनी बनल्या. पाऊस मातीतून झिरपताना नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि काही प्रमाणात पालाश सोबत नेतो. ही द्रव्ये गेली की माती आम्ल होत जाते. आम्ल मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे जमिनीत असलेला स्फुरदही पिकाला मिळत नाही. वरकसावर नाचणी आणि वरी टिकून राहिली याचे एक कारण हेच आहे, की ही पिके कमी अन्नद्रव्यांवर भागवतात. खाचरात मात्र चित्र पालटते. पाणी साचून राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचे रूप बदलते, त्याच्या पकडीतला स्फुरद मोकळा होतो आणि आम्लता उदासीनतेकडे सरकते. म्हणजे बांध घालून पाणी अडवणे ही सिंचनाची सोय आहेच, शिवाय सुपीकता राखण्याचे ते या भागातले सर्वांत जुने साधन आहे. बांध फुटला, त्याकडे दुर्लक्ष झाले, तर पाण्यासोबत बारीक माती आणि तिला चिकटलेले अन्नही जाते. खताच्या कोणत्याही शिफारशीआधी बांधाची डागडुजी यायला हवी ती यासाठी.

नत्राची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड आहे. खाचरातल्या पाण्यावर युरिया फोकला की त्याचा अमोनिया बनतो. काही भाग हवेत उडतो, तर काही पाण्याच्या वरच्या, प्राणवायू असलेल्या थरात नायट्रेट होतो. ते नायट्रेट खालच्या प्राणवायुरहित चिखलात उतरले की जिवाणू त्याचे वायूत रूपांतर करतात आणि नत्र पुन्हा हवेत जाते. जोराची सर आली आणि खाचर भरून वाहिले, तर विरघळलेला युरिया थेट ओढ्याला मिळतो. भातात फोकून दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या हाती साधारण तीस ते चाळीस टक्केच लागते, हे भातसंशोधनात जगभर मान्य झालेले आहे. म्हणजे भात उत्पादकाने टाकलेल्या तीन गोण्यांपैकी जेमतेम एक भाताला मिळते. तळ गळणाऱ्या कणगीत धान्य ओतत राहण्यापेक्षा कणगी लिंपणे शहाणपणाचे, आणि पुढचा सारा आढावा त्या लिंपण्याचा आहे.

रासायनिक खते येण्यापूर्वी इथल्या शेतकऱ्याने यावर शोधलेला उपाय म्हणजे राब. शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरायचे, वर बारीक माती टाकायची आणि पावसाळ्याआधी ते भाजायचे. इंग्रजी राजवटीत वनखात्याने टहाळ तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष उसळला. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राबाचा प्रश्न ठळकपणे आला. १८८९ मध्ये भारतात आलेले कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही आपल्या १८९३ च्या अहवालात त्याची दखल घेतली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. राखेतल्या खताबरोबरच जमीन तापण्यालाही या पद्धतीत महत्त्व आहे, हा विचार त्या काळच्या संशोधनाने पुढे आणला. म्हणजे राब ही अडाण्यांची सवय आहे हा अधिकाऱ्यांचा समज चुकीचा होता. भाजलेल्या जागेत तणाचे बी मरते, रोप जोमाने वाढते आणि उपटायला सोपे जाते. शेतकऱ्याचे म्हणणे निरीक्षणातूनच आलेले होते.

तरीही आजच्या घडीला राब चालू ठेवावा असे म्हणता येत नाही, आणि याचे कारण वनखात्याने दिलेल्या कारणापेक्षा वेगळे आहे. राब सुपीकता निर्माण करत नव्हता, तो ती हलवत होता. डोंगरावरचा पाला, माळावरचे गवत आणि गोठ्यातले शेण खाचराच्या एका कोपऱ्यात आणून जाळले जाई. जाळताना पालाश, चुना आणि सिलिका राखेत उरतात, पण नत्राचा आणि कर्बाचा बहुतेक भाग धुरात जातो. आधीच कर्ब कमी असलेल्या वरकसाला ही दुहेरी हानी: पाला गेला आणि त्यातला कर्ब कुठेच परतला नाही. गुरे भरपूर आणि झाडी दाट होती तोवर हा तोटा पचला. आज गोठे रिकामे होत आहेत आणि डोंगर उघडे पडत आहेत. शेणाची प्रत्येक पाटी जाळण्याऐवजी कुजवून जमिनीत गेली पाहिजे. राबाशिवाय रोप जोमदार होत नाही, हा आक्षेप पर्याय नसते तर मान्य करता आला असता. पण गादीवाफा, विरळ पेरणी आणि भाताच्या तुसाची काळी राख यांनी तेच काम होते. तुसाच्या राखेतली सिलिका रोपाला कणखर करते, आणि तूस गिरणीत सहज मिळते.

खतांच्या युगाने राबाची गरज कमी केली, पण नवा असमतोल आणला. याच जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना १९८० च्या दशकापासून चालू आहे, त्यामुळे युरिया इथल्या शेतकऱ्याला परका नाही. १ एप्रिल २०१० पासून केंद्राने स्फुरद आणि पालाशच्या खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लागू केले, युरिया मात्र त्याबाहेर ठेवून त्याची किंमत नियंत्रित राहू दिली. परिणाम अपेक्षित होता: स्वस्त युरिया हात सैल सोडून वापरला जातो, पालाशला कात्री लागते. भाताच्या बाबतीत ही कात्री फार महागात पडते. दाण्यात नत्र आणि स्फुरद जास्त जातो, पण पिकाने उचललेल्या पालाशचा फार मोठा भाग, सुमारे चार-पंचमांश, पेंढ्यात राहतो. पेंढा शेतातच खपला किंवा शेणखतातून परतला तर पालाश परत येतो. पण मुंबईच्या वेशीवरच्या या तालुक्यांत पेंढा तबेल्यांना विकला जातो, आणि प्रत्येक गाडीबरोबर शेताचा पालाशही विकला जातो. पेंढा विकून आलेल्या पैशातले थोडे तरी पालाशवर किंवा शेणखतावर परत खर्च व्हायला हवे, हा हिशेब अजून आपल्या शेतीच्या जमाखर्चात बसलेला नाही. जस्ताचेही तेच. भातावर पडणारा खैरा हा रोग जस्ताच्या कमतरतेतून येतो, हे पंतनगरच्या य. ल. नेने यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. ते माहीत असूनही पिवळे पान दिसले की आपण युरियाच टाकतो.

हा अंदाजपंचे कारभार थांबावा म्हणून १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. योजना स्वागतार्ह आहे, पण तिची बांधणी सपाट मुलखासाठी सोयीची आहे. कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घेण्याची पद्धत ठरली. मोहोपाड्यापासून खोपोलीपर्यंत किंवा नेरळपासून कशेळेपर्यंत कुठेही दहा हेक्टर घेतले, तर त्यात उताराचे वरकस, मधले हलके खाचर आणि नदीकाठची गरवी जमीन अशी तीन वेगळी जगे असू शकतात. त्यांच्या सरासरीवर दिलेली शिफारस तिघांपैकी कोणालाच लागू पडत नाही. म्हणून इथे नमुना चौकोनाने न घेता उताराच्या पायरीने घ्यावा. दुसरे असे की पत्रिका हाती आली की नजर नत्र-स्फुरद-पालाशवर जाते. सेंद्रिय कर्बाचा आकडा मात्र वाचून सोडला जातो. खरे तर या पावसात तोच पहिला वाचायचा आकडा आहे, कारण उरलेली द्रव्ये धरून ठेवण्याची ताकद त्याच्यावर अवलंबून असते.

याच सह्याद्रीच्या रांगेत दक्षिणेकडे, चिकमंगळूर आणि कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत, हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला आहे आणि ती रीत आपल्याला उपयोगी आहे. तिथेही पाऊस मुसळधार, माती तांबडी आणि आम्लधर्मी, उतार तीव्र. १९२५ साली बाळेहोन्नूरला सुरू झालेल्या कॉफी संशोधन केंद्राच्या दीर्घ कामातून तीन गोष्टी मळेवाल्यांच्या अंगवळणी पडल्या. पहिली, माती तपासून सामू सहाच्या आसपास आणण्यासाठी चुना. दुसरी, वर्षाचे खत एकदम न देता फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर, पावसाच्या मध्यावर आणि पाऊस सरल्यावर अशा हप्त्यांत देणे, म्हणजे मुसळधार आठवड्यांत मोकळे नत्र मातीत कमी राहते. तिसरी आणि सर्वांत मोलाची, सावलीची झाडे. पांगाऱ्यासारखी द्विदल झाडे हवेतले नत्र मुळांशी बांधतात, खोलवर गेलेली अन्नद्रव्ये पानांतून वर आणतात, आणि पाचोळ्याचा थर पावसाचा मार झेलतो. आपल्याकडे चिखलदऱ्याचा अपवाद वगळता कॉफी नाही, आणि कर्जतला ती लावा असे सांगण्याचा प्रश्नही नाही. कॉफी हे बारमाही झाड आहे, भात हंगामी. कॉफीला बाजारात मिळणारा भाव आणि मळ्याचे भांडवल इथल्या दोन-अडीच एकरांच्या शेतकऱ्याकडे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण वरची तीनही तत्त्वे भांडवलाची नाहीत. हप्त्यांनी खत द्यायला जास्त पैसे लागत नाहीत, हिरव्या पाल्यासाठी बांधावर गिरिपुष्प लावायला काठ्या पुरतात, आणि पांगारा तर कोकणच्या कुंपणात आधीच आहे.

भातासाठी हीच तत्त्वे एकत्र आणणारी पद्धत आपल्याकडे तयार आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री लागवडीत पहिले सूत्र तुसाच्या राखेचे, दुसरे गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे, तिसरे पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अंतरांवर आलटून पालटून केलेल्या नियंत्रित लावणीचे आणि चौथे युरिया-डीएपी ब्रिकेटचे. चार चुडांच्या मधोमध सुमारे २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची. हेक्टरला ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे सुमारे १७० किलो खत बसते आणि त्यातून साधारण ५७ किलो नत्र मिळते. सुधारित जातींसाठी कोकणात १०० किलो नत्राची शिफारस आहे हे लक्षात घेतले, तर बचत किती मोठी आहे ते कळते. ही बचत जादूची नाही. खोल चिखलात प्राणवायू नसल्याने अमोनियाचे नायट्रेट होत नाही, आणि चिकणमातीचे कण अमोनियम धरून ठेवतात. खाचर भरून वाहिले तरी खत जागचे हलत नाही. गिरिपुष्पाचा पाला एका गुंठ्याला तीस किलो, म्हणजे हेक्टरी तीन टन टाकला की त्यातून पंधरा-वीस किलो नत्र येते, शिवाय कर्ब. दोन आक्षेप इथे घेतले जातात. वाकून ब्रिकेट दाबायला मजूर कुठून आणायचा, हा पहिला. पण दाबण्याचे काम लावणीबरोबर एकदाच होते, वरखताच्या पुढच्या फेऱ्या वाचतात, आणि सुटी लावणी सोडून ओळीत लावणी केली तर काम सोपे होते. दुसरा आक्षेप असा की झिरपणाऱ्या हलक्या जमिनीत ब्रिकेटचा फायदा मिळत नाही. तो बरोबर आहे, आणि म्हणूनच पायरीनुसार माती ओळखण्याचा आग्रह धरायचा. ब्रिकेट गरव्या, पाणी धरणाऱ्या खाचरासाठी. हलक्या जमिनीला हप्त्यांनी खत.

दुसरी मोठी वाट कर्जत तालुक्यातच नेरळजवळ निघाली. सगुणा बागेच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा राईस तंत्रात नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही वगळतात. एकदा गादीवाफे करायचे, साच्याने खुणा पाडून बी टोकायचे आणि पीक कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवायची. मुळे कुजताना मातीत पोकळ्या तयार होतात, गांडुळे वाढतात, कर्ब टिकतो. सुपीकता राखण्याच्या दृष्टीने या भागात सुचवलेला हा सर्वांत धाडसी उपाय आहे. त्यावरचा गंभीर आक्षेप तणनाशकाचा. चिखलणी सोडली की तण वाढते आणि ग्लायफोसेटवर भिस्त पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला बहुधा कर्करोगकारक गटात टाकले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भारत सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध आणले. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. उत्तर असे, की विनानांगरणीचे तत्त्व आणि तणनाशक यांची गाठ अतूट नाही. पाचोळ्याचे आच्छादन आणि भातानंतर जमीन उघडी न ठेवता घेतलेले दुसरे पीक यांनी तण आवरता येते, मेहनत जास्त लागली तरी. आणखी एक बाब शिफारसकर्त्यांनी ध्यानात घ्यावी: पाणी साचवून स्फुरद मोकळा होण्याचा जो फायदा खाचरात मिळतो, तो गादीवाफ्यावर कमी होणार. त्यामुळे या पद्धतीच्या शेतात स्फुरदाची तपासणी वेगळी व्हावी.

दुसऱ्या पिकाचा उल्लेख आला, तर वालाला विसरता येणार नाही. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची या भागाची रीत हवेतले नत्र जमिनीत आणण्याची फुकटची सोय आहे. भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या राजनाल्याच्या लाभक्षेत्रात उन्हाळी भात घेतात. त्याने उत्पन्न वाढते, पण एकाच वर्षात पालाशची उचल दुप्पट होते आणि जमीन सदा चिखलात राहते. पाणी आहे म्हणून दरवर्षी भातावर भात घेण्यापेक्षा एक-दोन वर्षांआड त्या शेतात कडधान्य आणणे जमिनीच्या हिताचे.

या साऱ्या उपायांवर बोळा फिरवणारी एक गोष्ट मात्र आपण उघड्या डोळ्यांनी चालू दिली आहे. वीटभट्टीसाठी खाचराची वरची माती विकली जाते. हिशेब करून पाहा. एका हेक्टरवरची एक सेंटिमीटर माती सुमारे १३० ते १५० टन भरते. तिच्यात एक टक्का सेंद्रिय कर्ब धरला, तर त्याच्यासोबत शंभर-सव्वाशे किलो नत्र असते, म्हणजे भाताच्या एका हंगामाच्या पूर्ण शिफारशीइतके. भट्टीला माती देताना खणली जाते ती एका सेंटिमीटरहून कितीतरी खोल. जे साठायला पिढ्या लागल्या ते एका उन्हाळ्यात भाजले जाते. खाचर खोल झाल्याने पाणी चांगले थांबते, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद खालच्या, कर्ब नसलेल्या मातीत पीक उभे करायचे कसे, याचे उत्तर देत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. द्रुतगती मार्ग झाला, कारखाने आले, फार्महाऊस आले. उद्या विकली जाणाऱ्या जमिनीची सुपीकता आज कशासाठी राखायची? याला उत्तर आकड्यांनी नाही, व्यवहारानेच द्यायला हवे. सगळी जमीन विकली जाणार नाही, आणि ठाकर-कातकरी कुटुंबांची वरकस जमीन तर त्यांच्या ताटाचा आधार आहे. कारखान्यांच्या शेजारच्या जमिनींना तर जास्तच काळजी हवी: मृदा पत्रिकेच्या बारा घटकांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम नाहीत, म्हणून पाताळगंगेच्या काठच्या शेतांसाठी ही तपासणी सरकारने स्वतंत्रपणे जोडली पाहिजे.

आढाव्याचा निष्कर्ष साधा आहे. कर्जतला १९१९ पासून भातसंशोधनाचे केंद्र आहे, दापोलीचे कृषी विद्यापीठ आहे, चारसूत्री आहे, सगुणा तंत्र आहे. ज्ञानाची उणीव नाही. उणीव आहे ती सुपीकतेला खर्चाच्या वहीत न धरता साठ्याच्या वहीत धरण्याची. या हंगामापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने चार गोष्टी कराव्यात: बांधाची डागडुजी करावी, बांधावर गिरिपुष्प लावावे, पायरीनुसार मातीचे वेगळे नमुने तपासायला द्यावेत आणि पेंढ्याचा काही भाग शेतात परत जाईल असे पाहावे. आणि ग्रामपंचायतींनी, ग्रामसभेत ठराव करून, खाचराची वरची माती गावाबाहेर जाऊ देऊ नये.